सरांची रोजची चूक

"चूक एकच असते ना? मग आज दोन कशा होत्या?" पायरीवर बसून बुटात पाय कोंबता कोंबता हातचा कुरकुरत होता. "मी आधी शोधली, तर सर म्हणतात, ही नव्हे, आजची वेगळी आहे. ही नव्हे म्हणजे काय? चूक ती चूकच ना. माझी खुर्ची गेली फुकट."

"गप रे. नाडी बांध आणि चल," कंपास म्हणाली.

दाराच्या अगदी मागे काकू सतरंजी झटकत होत्या. शिकवणी सुटल्यावर पायरीवर जी सभा भरते ती ऐकायची त्यांना सवय होती. कोणाची कोणाशी कट्टी आहे आणि शाळेत कुणी कुणाचा डबा पळवला, हे सगळं तिथेच कळायचं. पण हातच्याच्या कुरकुरीपेक्षा कंपासच्या आवाजाने त्यांचे हात थांबले. कुणाला गप बस म्हणणाऱ्यातली ती पोरगी नव्हती. आणि म्हणाली तीही अशी, की जणू घरात कुणी आजारी झोपलंय.

ही नावं सरांनी ठेवलेली. बेरीज करताना हातचा विसरतो म्हणून तो हातचा. उंच, लांब ढांगांची, फळ्यासमोर पाय फाकून उभी राहते म्हणून ती कंपास. समोरचे निम्मे दात पडलेला सगळ्यात धाकटा, तो अपूर्णांक. आईबापांनी हौसेने ठेवलेली नावं या घरात चालत नसत, आणि मुलांना त्याचं काही वाटतही नसे. उलट नव्याने आलेला मुलगा आपल्याला कधी बारसं मिळतं याची वाट बघत बसे.

घर दोन खोल्यांचं, मागे स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत सर मोठ्या मुलांना बसवून शाळेतून दिलेला गणिताचा गृहपाठ करून घेत. आतल्या खोलीत काकू लहानांचे पाढे आणि बेरजा-वजाबाक्या बघत. मध्ये पडदा. काकूंचं शिक्षण बेताचं. अपूर्णांकांच्या भागाकारापर्यंत त्या कशाबशा पोचत आणि मग "पुढचं बाहेरच्या खोलीत विचारा हो," म्हणून मोकळ्या होत. पण इतकी वर्षं पडद्याआडून ऐकून सरांची वाक्यं त्यांना पाठ झाली होती. गणित नाही, वाक्यं.

सरांची पद्धत जगावेगळी. गृहपाठातलं एक गणित ते फळ्यावर पूर्ण सोडवून ठेवत, सुवाच्य अक्षरात, आणि त्यात एक चूक मुद्दाम घालत. आजची चूक. जो ती शोधेल त्याने सरांच्या खुर्चीत बसायचं आणि पुढचं गणित शिकवायचं. सर खाली सतरंजीवर मांडी घालून विद्यार्थी व्हायचे, आणि अगदी मठ्ठ विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारायचे. पालक कधी म्हणत, अहो सर, चुकीचं कशाला दाखवता? सर म्हणत, "उत्तर काय, पुस्तकाच्या मागेसुद्धा छापलेलं असतं. चूक कुठे होते ते छापत नाहीत."

आणि सरांच्या चुकीला डोकं असायचं. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा बारा तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळ? सर सहा आणि बारा मिळवून ऐटीत लिहीत, अठरा तास. मग चेहरा गंभीर करून विचारत, "म्हणजे दुसरा नळ सोडल्यावर टाकी आणखीच सावकाश भरली. पाणी पितो की काय हा नळ?" पोरं लोळून हसत, आणि हसता हसता कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडे. मूल जिथे हमखास घसरणार तिथेच सर आधी स्वतः घसरून दाखवत.

सतरंजीची घडी घालून काकू आत आल्या तेव्हा सर हातावरचा खडू धूत होते.

"आज दोन चुका घातल्यात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"पायरीवरची सभा."

सरांनी नळ बंद केला. टॉवेल शोधला, तो त्यांच्या खांद्यावरच होता. "पोरं हुशार झालीत," ते म्हणाले. "एका चुकीत भागत नाही आता. डोस वाढवला."

"बरं केलंत," काकू म्हणाल्या.

पण बाहेर जाऊन त्यांनी पुसायच्या आधी फळा बघितला. वर एका ओळीत सात आठे चौपन्न लिहिलं होतं, मग खोडून छप्पन्न. त्यात डोकं नव्हतं. मुलांना हसवणारं, शिकवणारं काही नव्हतं. नुसतीच चूक होती, रस्त्यात पडलेल्या दगडासारखी. काकूंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी फडकं घेतलं आणि तेवढी ओळ आधी पुसली, मग बाकीचा फळा.

त्या दिवसापासून त्यांचा एक कान कायमचा पडद्याला लागला. समोर अपूर्णांक बोटं मोजून वजाबाकी करत असायचा, काकू मान हलवत असायच्या, आणि ऐकत असायच्या बाहेरचा खडू. खडू चालत राहिला की बरं वाटायचं. थांबला की त्यांची मानही हलायची थांबायची. पूर्वीही तो थांबायचा. पण तेव्हा त्या थांबण्यात मिश्कीलपणा असायचा, आता पोरांना कसं फसवावं असा. आताचं थांबणं रिकामं होतं. मग सर विचारत, "हं, कोण सांगेल, नऊ सक किती?" सगळ्यांना वाटावं, सर परीक्षा घेताहेत. काकूंना मात्र तो प्रश्न ऐकूनच कळायचं की ही परीक्षा नाही, विचारणं आहे. उत्तर माहीत असलेला माणूस उत्तराची वाट अशी बघत नाही.

एकदा खडू थांबला आणि प्रश्नही आला नाही. नुसती शांतता. काकूंना ती सहन होईना. त्यांनी लहानांना म्हटलं, "चला, आठाचा पाढा म्हणूया. मोठ्याने. खिडकीबाहेर गेला पाहिजे आवाज." पोरांनी बेंबीच्या देठापासून पाढा म्हटला. आठ साती छप्पन्नला पोचले आणि बाहेर खडू पुन्हा चालू झाला.

काकूंचा जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी आपण सरांना आतून उत्तर पुरवलं हे त्यांना कळलं.

मग ते रोजचंच झालं. बाहेर काय चाललंय याचा अंदाज घेऊन काकू आत पाढा लावत. तेराचा, सतराचा, नको त्या वेळी नको तो पाढा. अपूर्णांक एकदा वैतागून म्हणाला, "काकू, आम्हाला एकोणीस नाहीये अजून." फटीतून हवा जायची त्याच्या दातांच्या, त्यामुळे एकोणीस ऐकायला फारच गोड लागलं. काकूंना हसू आलं नाही.

बाहेर काय चाललंय ते त्यांना हळूहळू कळलं. चुका आता एक-दोन नव्हत्या. पण सर वजाबाकीत गडबडले की कंपास लगेच हात वर करायची, "सर, सापडली आजची चूक." सर फळ्याकडे बघायचे, क्षणभर गोंधळायचे, मग खुलायचे. "शाब्बास. बस खुर्चीत." आणि ती बसायची, पुढचं गणित स्वतः करायची, त्यापुढचंही. सर खाली सतरंजीवर, पोरांच्यात. खुर्ची जवळजवळ कंपासचीच झाली होती, आणि नवल म्हणजे हातचाही आता खुर्चीसाठी भांडत नव्हता. पोरं कुजबुजत नव्हती, हसत नव्हती, एकमेकांना कोपरखळ्या मारत नव्हती. गणिताच्या शिकवणीत पोरं इतकी शहाण्यासारखी वागायला लागली, की भिऊन जावं.

एका संध्याकाळी कंपास पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आली. पाणी प्यायली, पेला विसळला, पालथा घातला, आणि तिथेच उभी राहिली.

"अजून हवंय का गं?"

"नको." तिने पेला उगीच सरळ केला. "काकू, सरांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक."

काकू भांडी पुसत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "हो. मलाही वाटतंय."

"सहाचं शून्य दिसत असेल त्यांना. तिनाचं आठ."

"दिसत असेल. दाखवायला नेते या आठवड्यात."

"हो, न्या," कंपास म्हणाली. जाताना दाराशी वळली. "म्हणजे चष्मा बदलला की होईल नीट."

"होईल की. न व्हायला काय झालं?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. चांगलं हसल्या. आणि ती गेल्यावर काकूंनी कोरडी झालेली ताटली पुन्हा पुसायला घेतली.

चष्मेवाला भला माणूस होता. त्याने सरांना खुर्चीत बसवलं, भिंगं बदलली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. सरांनी अगदी शेवटची बारीक ओळही घडाघडा वाचून दाखवली आणि वर त्यालाच विचारलं, "याच्या खाली काही लिहिलं नाही का?" चष्मेवाला हसला. "नंबर तोच आहे सर. या वयात असे डोळे बघायला मिळत नाहीत. काळजीचं काहीच कारण नाही, बाई."

इतकी चांगली बातमी काकूंना आयुष्यात इतकी वाईट वाटली नव्हती. डोळ्यांवर ढकलायची सोय गेली. घरी येताना सर खुशीत होते, रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर घेऊन त्यांच्या बेरजा करत होते, जुना नाद. काकू शेजारून चालत प्रत्येक बेरीज मनात पडताळत होत्या. एक बरोबर आली की पुढच्या गाडीपर्यंत श्वास. मग एक चुकली. काकूंनी त्यांचा दंड धरला आणि म्हणाल्या, "खाली बघून चाला हो, खड्डा आहे." खड्डा नव्हता.

त्यांची मुलगी आपल्या शाळकरी मुलासह दूर राहायची. तिचा फोन आला.

"आई, बाबा बरे आहेत ना?"

"मस्त आहेत. का गं?"

"काही नाही. परवा पिल्लूला फोनवर गणित सांगितलं त्यांनी, ते शाळेत चुकलं."

"मुद्दाम घातली असेल चूक. तुला माहितीये ना त्यांची खोड."

"हो, मीही तेच म्हटलं त्याला," मुलगी म्हणाली आणि हसली. काकूही हसल्या. दोघी जरुरीपेक्षा जरा जास्त वेळ हसत राहिल्या, आणि मग मुलीने विचारलं, "जेवण झालं का?"

डॉक्टरांकडे जायला हवं हे काकूंना कळत होतं. जाऊन काय म्हणायचं, तेही त्या मनाशी जुळवून बघत. पण ते वाक्य नेमक्या जागी येऊन अडायचं. थोडं होतं कधी कधी, वय झालं आता, थकतात जरा. असं काहीबाही तोंडात यायचं आणि खरं ते मागेच राहायचं. तोंडातून एकदा निघालं की ते घरात राहायला येईल, अशी त्यांना भीती होती. आज पाढे गेले. उद्या पोरांची नावं जातील. मग मुलीचं. मग एक दिवस हा माणूस पडदा बाजूला करून आत येईल आणि अदबीने विचारेल, आपण कोण? आणि मधल्या मध्ये शिकवणी जाईल. पालकांना कळायला काय वेळ लागतो? मुलं येणं बंद होईल, फळा भिंतीवर कोरा राहील, आणि सर त्याच्याकडे तोंड करून बसून राहतील. काकूंना ते डोळ्यांसमोर इतकं स्पष्ट दिसायचं की त्या उठून काहीतरी आवरायला घेत.

सरांनाही काही कळत होतं का? हे विचारायची हिंमत त्यांच्यात नव्हती. पण दुपारी, मुलं यायच्या आधी, सर आता पडदा ओढून फळ्याशी उभे राहायला लागले होते. पलीकडून खडूचा आवाज यायचा, मग फडक्याचा, मग पुन्हा खडूचा. पूर्वी अशी तयारी त्यांना कधी लागली नव्हती. काकूंनी एकदा चहा घेऊन पडदा सारला, तर सर चोरी पकडल्यासारखे दचकले आणि फळा झाकून उभे राहिले. काकूंनी चहा ठेवला आणि काही न बघता त्या परतल्या.

मग तो दिवस आला.

सुरुवात चांगली झाली होती, हेच वाईट. "एक बाग आहे," सर बाहेर सांगत होते, आणि आवाज जुना होता, ठणठणीत. "वीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. बागेच्या बाहेरून, चारही बाजूंनी दोन मीटर रुंदीचा रस्ता. रस्त्याचं क्षेत्रफळ काढायचं." खडू जो सुरू झाला तो कुठे अडला नाही. काकूंना आत एकही पाढा लावावा लागला नाही. आज ठीक आहे, त्यांनी मनात म्हटलं. कदाचित सगळंच ठीक असेल. कदाचित थकवाच असेल.

"हं," सर म्हणाले. "शोधा."

एक पेन्सिल वहीवर टकटक करत होती.

"सर, सापडत नाहीये," हातचा म्हणाला.

"नीट बघ."

हातच्याने पुन्हा वरपासून बघितलं. ही पोरं चूक शोधण्यात तरबेज होती. काकू उठल्या आणि पडद्याच्या फटीतून त्यांनी फळा बघितला. हे गणित त्यांच्या ओळखीचं होतं. दर वर्षी सर यात एकच चूक घालत: लांबीत दोन मीटर एकदाच मिळवत. आणि मग म्हणत, "रस्ता दोन्ही अंगांना असतो, बाळांनो. एका बाजूने गेलेला माणूस दुसऱ्या बाजूने परत यायला नको का?" आज फळ्यावर वीसचे चोवीस झाले होते, पंधराचे एकोणीस. चोवीस गुणिले एकोणीस, चारशे छप्पन्न. काकूंनी चोवीस विसा चारशे ऐंशीतून चोवीस वजा करून पाहिले; बरोबर. त्यातून बाग तीनशे गेली. उरले एकशे छप्पन्न.

सगळं बरोबर होतं. सर चूक घालायची विसरले होते.

"सर, आज नाहीये बहुतेक," कुणीतरी म्हणालं.

"असणारच. मी स्वतः घातली आहे." सरांचा आवाज चढला. या घरात तो कधी चढला नव्हता. "तुम्ही बघत नाही आहात. रोज सापडते, आज काय झालं? बघा म्हणतो ना मी." त्यांनी खडू इतका आवळला होता की तो मोडून खाली पडला. अपूर्णांक येऊन काकूंच्या कमरेला चिकटला.

कंपास उभी राहिली.

"सर, सापडली." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "रस्ता दोन मीटरचा आहे. म्हणून लांबीत दोनच मिळवायचे. बावीस. आणि रुंदी सतरा."

काकूंनी पडदा घट्ट धरला. आता ते म्हणतील. आता फळ्याकडे वळून म्हणतील, आणि दुसऱ्या बाजूने परत कोण येणार, बाळ? इतकी वर्षं म्हणत आलेत. झोपेतून उठवलं तरी म्हणतील.

सर फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"शाब्बास," ते म्हणाले. त्यांनी फडक्याने चोवीस पुसलं आणि बावीस लिहिलं. एकोणीस पुसलं आणि सतरा लिहिलं. "बावीस सतरा तीनशे चौऱ्याहत्तर. वजा तीनशे. चौऱ्याहत्तर. घ्या लिहून. आणि तू, बस खुर्चीत."

"पण सर," हातचा म्हणाला आणि थांबला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. एकेक करून पेन्सिली चालायला लागल्या. मुलं ते लिहून घेत होती. चुकीचं आहे हे माहीत असून, सुंदर अक्षरात, समास सोडून.

कंपास खुर्चीकडे गेली नाही. आपले लांब पाय एकमेकांना चिकटवून ती जागच्या जागी उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. आवाज नव्हता.

"अगं, रडतेस काय?" सर म्हणाले. "बरोबर सांगितलंस की."

तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

सरांनी एकेका मुलाकडे बघितलं. कुणी वर बघेना. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड विझत गेला आणि त्याजागी काय आलं ते काकूंनी पाहिलं. पावसात हात सुटलेल्या मुलाचा चेहरा असतो, तसा. शेवटी ते पडद्याकडे वळले.

"अगं, काय झालंय हिला? सगळेच असे का बसलेत?"

काकूंनी अपूर्णांकाचा हात कमरेवरून सोडवला. शिकवणी चालू असताना त्या कधी बाहेरच्या खोलीत आल्या नव्हत्या. त्या आल्या, सतरंजीच्या कडेकडेने, मुलांच्या वह्यांवर पाय पडू न देता. आधी त्यांनी कंपासला जवळ घेतलं. तिचं डोकं त्यांच्या खांद्याच्याही वर पोचत होतं, तरी घेतलं. चष्मा, थकवा, वय, सगळं ओळीने जिभेवर आलं, आणि एकेक करून त्यांनी ते परत पाठवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आधीचं बरोबर होतं. हिने तुमच्यासाठी खोटं सांगितलं. तुम्ही विसरायला लागला आहात हो. या पोरांना कधीचं माहीत आहे, आणि मलाही."